'शुगर फ्री' गुळाचा लाडू? पाकिटावरचं इंग्रजी मराठीत आणताना नेमकं काय बिघडतं?

इन्स्टाग्रामवर हल्ली गुळाच्या लाडवांची जाहिरात हमखास दिसते. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, 'रिफाइंड शुगर फ्री, गिल्ट फ्री'. हेच मराठीत लिहायचं तर?

'गिल्ट फ्री'चं शब्दशः भाषांतर 'अपराधमुक्त लाडू'. वाचून हसू येतं, विषय संपतो. पण 'रिफाइंड शुगर फ्री'चं 'साखरमुक्त' झालं, तर प्रकरण गंभीर आहे. कारण घरात मधुमेह असलेलं कुणी ते खरं मानून दोन लाडू जास्त खाऊ शकतं.

कोल्हापूरला हा प्रश्न जवळचा आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. आता गूळ, मसाले, चटण्या ऑनलाइन विकल्या जातात आणि अनेकदा मजकूर आधी इंग्रजीत लिहून मग मराठीत आणला जातो.

एका 'क्रिस्पी'ला मराठीत किती शब्द?

इंग्रजीत चकलीही 'क्रिस्पी' आणि करंजीही 'क्रिस्पी'. मराठीत चकली कुरकुरीत असते, करंजी खुसखुशीत. 'कुरकुरीत करंजी' लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल करंजी बिघडली.

'स्पायसी'चंही तसंच. मिसळ झणझणीत, ठेचा तिखटजाळ. पण नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा? तो मसालेदार आहे, झणझणीत म्हणून तो कुणी मागत नाही. म्हणजे भाषांतर शब्दाचं करायचं नसतं, समोरच्या पदार्थाला आपण काय म्हणतो ते लिहायचं असतं.

काही वेळा मराठीत तयार शब्द असतातच. 'फिंगर लिकिंग गुड'साठी 'बोटं चाटत राहाल' आहे. 'मेड विथ लव्ह'चं 'प्रेमाने बनवलेले' करण्यापेक्षा 'आईच्या हातची चव' जास्त पोहोचतं. आणि 'गिल्ट फ्री'ला? 'बिनधास्त खा' हे मराठी झालं. फक्त ते गुळाच्या लाडवावर लिहावं का, हा वेगळा प्रश्न आहे.

शब्द चुकला की दावाच बदलतो

'रिफाइंड शुगर फ्री' म्हणजे पांढरी साखर वापरलेली नाही, एवढंच. गूळ वापरलाय. आणि गुळात मोठा वाटा सुक्रोजचा, म्हणजे साखरेत असतं त्याचाच असतो. त्यामुळे योग्य मराठी 'साखरेऐवजी गूळ घातलेला'. 'साखरमुक्त' नव्हे.

एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांनुसार 'शुगर फ्री' म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. 'नो ॲडेड शुगर' हा तिसराच दावा. त्यात वरून साखर, मध, ग्लुकोज असं काहीच घातलेलं चालत नाही, पण पदार्थाची मूळची साखर असू शकते. म्हणून त्याचं मराठी 'वरून साखर घातलेली नाही' असंच हवं.

गुळावर दिसणारी आणखी एक जोडी म्हणजे 'केमिकल फ्री' आणि 'सेंद्रिय'. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाची मळी काढायला भेंडीचा चीक वापरण्याची जुनी पद्धत आहे. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस पावडर घातली जाते. ती घातली नाही, की विकणारा 'केमिकल फ्री' म्हणतो. 'सेंद्रिय' मात्र उसाच्या शेतापासून सुरू होतं आणि पाकिटावर तसं लिहून विकायला सहसा एनपीओपी किंवा पीजीएस-इंडियाचं प्रमाणपत्र लागतं. एकाच्या जागी दुसरा शब्द टाकला, की न केलेली गोष्ट केल्याचं सांगितलं जातं.

कायदा मराठीबद्दल काय म्हणतो?

२०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावरची आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते. मराठी जोडीला चालते. अट एकच, तिने मूळ माहितीच्या विरोधात काही सांगू नये. म्हणजे 'भाषांतरात चुकलं हो' ही सबब चालणार नाही.

फ्रान्समध्ये काय झालं?

तिथे १९९४ च्या तूबों कायद्यामुळे जाहिरातीत इंग्रजी घोषवाक्य असेल तर फ्रेंच भाषांतरही द्यावं लागतं. मॅकडोनाल्ड्सचं 'आय ॲम लव्हिन इट' तिथे 'से तू स्क जेम' झालं. अर्थ साधारण 'मला आवडतं ते सगळं हेच'. शब्द बदलले, कारण फ्रेंच माणूस ते तसंच म्हणेल. आणि आवडीबद्दलच्या वाक्यात ही मोकळीक घेता येते, कारण त्यात मोजून बघण्यासारखं काही नसतं.

मग लिहायचं कसं?

आधी ओळ कसली आहे ते बघा. चवीची असेल तर इंग्रजी बाजूला ठेवा आणि ताटावर बसलेला माणूस काय म्हणेल ते लिहा. साखर, रसायनं, प्रमाणपत्र याबद्दल असेल तर इंग्रजीत जेवढं सांगितलंय तेवढंच सांगा, वाक्य लांब झालं तरी चालेल.

आणि तुम्ही विकत घेणारे असाल, तर पाकीट उलटं करा. पुढे काहीही लिहिलेलं असो, मागे घटकांच्या यादीत गूळ, मध किंवा ग्लुकोज दिसलं, तर त्या लाडवात साखर आहे.