काळा रस्सा म्हणजे जाळ नव्हे

नाशिकहून येवल्याकडे निघालं की चांदोरी, निफाड, विंचूर या पट्ट्यात काळ्या मसाल्याचं मटण हमखास मिळतं. बाहेरगावचा पाहुणा वाटीतला रंग बघूनच हात आखडता घेतो. एवढं काळं म्हणजे जाळच असणार!

तसं नसतं. हा काळेपणा भाजणीचा. कांदा अख्खा निखाऱ्यात टाकतात, वरचं साल पार करपेपर्यंत. सुकं खोबरं थेट आचेवर धरतात, धणे-दगडफूल तव्यावर परततात आणि सगळं एकत्र वाटतात. लासलगावची कांद्याची बाजारपेठ निफाड तालुक्यातलीच, तेव्हा कांद्याला हात आखडायचं कारणच नाही. तिखटपणा मात्र मिरचीतल्या कॅप्सेसिनचा. तो मिरचीच्या जातीवर आणि मापावर ठरतो, रंगावर नाही. लालभडक रस्सा काळ्यापेक्षा जास्त झोंबू शकतो.

‘तर्री म्हणजे वरून ओतलेलं तेल’ हेही अर्धंच खरं. फोडणीचं तेल असतंच, पण खोबऱ्याचं तेल आणि बोकडाची चरबीही शिजताना सुटून वर येते. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून खरा ठसका तर्रीत असतो. झेपत नसेल तर ती बाजूला सारून खालचा रस्सा घ्यावा. तोंड भाजलं तर पाण्यापेक्षा दही बरं.

सर्वांत अन्याय होतो तो पातळपणावरून. ‘पाणी वाढवलंय’ म्हणणाऱ्याने बहुधा रस्सा चमच्याने प्यायलेला असतो. इथे बाजरीची भाकरी ताटात कुस्करायची, वर कढत रस्सा ओतायचा आणि ती भिजली की बोटांनी कालवून खायची. दाट रस्सा भाकरीत मुरतच नाही.

अझरबैजानमधल्या शेकी शहराच्या ‘पिती’चंही असंच आहे. मेंढीचं मटण, हरभरे, चरबी आणि केशर मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजतं. आधी रस्सा पावाच्या तुकड्यांवर ओतून खातात, मग उरलेलं मटण-हरभरे कुस्करून. रीत ठाऊक नसेल तर पहिल्याच टप्प्यावर ते नुसतं सूप वाटतं.

आपला काळा रस्सा हजारो वर्षांचा, असंही छातीठोकपणे सांगतात. मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज 1498 मध्ये कालिकतला पोहोचले, त्यानंतरच ती आपल्याकडे आली. त्याआधी तिखटाला मिरी होती.

राहिली ‘चुलीवरचं मटण’ ही पाटी. झाकलेल्या पातेल्यात धूर फारसा शिरत नाही. मटण मऊ होतं ते मंद आचेवर मटणातलं कोलॅजन सावकाश विरघळल्यामुळे, आणि ते गॅसवरही साधतं. कांदा-खोबरं तेवढं निखाऱ्यावर भाजून घ्यावं.