घरचा संगणक : शिकावे काय, जपावे कसे?



आमच्या नववीच्या एका विद्यार्थ्याने आजीच्या तोंडचे जुने मराठी शब्द साठवणारा छोटा प्रोग्राम घरी लिहिला होता. एके दिवशी संगणकाची हार्ड डिस्क बिघडली आणि सारे गेले. प्रोग्राम त्याने दोन संध्याकाळी बसून पुन्हा लिहिला. शब्द मात्र परत आले नाहीत, कारण सांगणारी आजी तोवर राहिली नव्हती. म्हणून हा लेख.

पालक आम्हाला विचारतात, मुलांनी हौस म्हणून कोणती संगणक-भाषा शिकावी? लहान वर्गांसाठी २००७ साली आलेले 'स्क्रॅच' उत्तम. त्यात ठोकळे जोडून प्रोग्राम होतो, टंकलेखनाचा त्रास नाही. आठवीपासून पुढे 'पायथन' घ्यावे. गुइडो व्हान रॉसम यांनी ते १९९१ साली प्रसिद्ध केले. दोन्ही विनामूल्य आहेत. २००८ च्या पायथन ३ पासून तर 'गुण', 'नाव' अशी नावे देवनागरीतच देता येतात. ठरलेले आज्ञाशब्द तेवढे इंग्रजी राहतात. संगणकाची स्मृती आतून कशी चालते हे पाहायचे असेल, तर नंतर 'सी' शिकावी. परंतु भाषेपेक्षा काम महत्त्वाचे. दुधाचा हिशेब, पुस्तकांची यादी असे घरातलेच काम निवडावे, म्हणजे गोडी टिकते.

आता जपण्याविषयी. नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारची साधने, एक प्रत घराबाहेर. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी इंटरनेटवरील साठ्यात किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे. नक्कल झाली की डिस्क काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' विषाणूने जगभरच्या संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या. अशा वेळी जोडलेली डिस्कही सुटत नाही. मोबाइलचे फोटो इंटरनेटशी आपोआप जुळत असले म्हणजे काम झाले असेही समजू नये. एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाऊ शकते. आणि महिन्यातून एकदा नक्कल उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल भरवशाची नव्हे.

घराबाहेर प्रत कशाला, हे धरमपुरीत सांगायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. नर्मदामाई उंबऱ्याशी आली, तर तीनही प्रती एकाच कपाटात असून काय उपयोग?

आपल्या धारचेच उदाहरण घ्या. १९०३ साली तेथे एक कोरीव शिळा प्रकाशात आली. तिच्यावर परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन याच्या 'पारिजातमंजरी' नाटिकेचे दोन अंक आहेत. नाटिका चार अंकांची. उरलेले दोन दुसऱ्या शिळेवर असावेत; ती सापडलेली नाही. दगडावर कोरलेलेही एकाच ठिकाणी असेल तर हरवते, मग पेनड्राइव्हची काय कथा!

आपल्या अनेक घरांत पवारांच्या अमदानीतली मोडी कागदपत्रे आहेत, वडीलधाऱ्यांच्या आठवणी आहेत. या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या एका कागदाचा फोटो किंवा आजी-आजोबांचे दहा मिनिटांचे बोलणे साठवावे आणि त्याच्या तीन प्रती कराव्यात. शाळा उघडल्यावर आम्ही पहिल्या दिवशी एवढेच विचारू : तिसरी प्रत कुठे आहे?