गाडी बर्फातली, परीक्षा उताराची

गुलमर्गला स्कीइंगसाठी सहकुटुंब निघालात, की श्रीनगरातच प्रश्न येतो गाडीचा. वाट पन्नासेक किलोमीटरची. पण खरी परीक्षा टंगमर्गपुढच्या तेरा किलोमीटरच्या घाटाची. बर्फ पडला की तिथे साखळ्या लावलेल्या किंवा 'फोर व्हील ड्राइव्ह' गाड्याच वर सोडतात. आपण मंडळी मोठी, ऐटबाज गाडी पाहून भुलतो. पण चारही चाकांचा जोर कामाचा चढावर. उतारावर गाडी थांबते ती टायरच्या पकडीने, आणि ब्रेक तर साध्या मोटारीच्याही चारही चाकांना असतात! तेव्हा आधी टायरच्या खाचा बघा, साखळ्या डिकीत आहेत का विचारा. नसतील, तर टंगमर्गला साखळीवाली गाडी करा. पोरांचे हातमोजे तेवढे पहिल्या गाडीत विसरू नका.