छप्पर पाटीचे की कौलारू?

पुसेगाव (जि. हिंगोली) : जुन्या घराच्या उतरत्या छपरावर काळसर तुकडे दिसले, की ते दगडी असावेत असा समज होतो. सेनगाव तालुक्यातील पुसेगाव परिसरात मात्र ते बहुधा मातीचे कौलच असते. शेवाळ आणि धुराने लाल कौलही कालांतराने काळे पडते. दोन्ही छपरांची बांधणी वेगळी असल्याने दुरुस्तीपूर्वी हा फरक ओळखणे आवश्यक ठरते.

शाळेची पाटी ज्या दगडाची असे, त्या स्लेटची छपरे हिमाचल प्रदेशातील कांगडा, चंबा भागात आढळतात. चिखलाचे थर दाब व उष्णतेने घट्ट होऊन हा दगड तयार होतो. त्याचे पातळ पापुद्रे सहज सुटतात. मराठवाड्याचा काळा पाषाण लाव्हारसाचा असल्याने तसा सुटत नाही. त्यामुळे येथे माळवद, कुंभाराची नळीची कौले आणि नंतर मंगलोरी कौले रुळली. बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये या कौलांचा कारखाना सुरू केला होता.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. फुटलेल्या कौलाच्या आत लाल भाजलेली माती दिसते. पाटीचा तुकडा आतबाहेर एकाच रंगाचा असून कडेला थर दिसतात. मंगलोरी कौलाला एकमेकांत अडकणाऱ्या खाचा असतात व खालच्या बाजूस अनेकदा कारखान्याचे नाव उमटवलेले असते. पाटी सपाट असते. तुकड्यात वाळूचे कण दिसले आणि थर नसले, तर ते सिमेंटचे कौल समजावे.

कौल रिपांवर टेकवलेले असते, ते उचलून बदलता येते. पाटी मात्र भोक पाडून खिळ्याने बसवतात. कौलाला पाटी समजून खिळा ठोकल्यास ते तडकते आणि पावसाळ्यात घर गळते. नवे कौल त्याच साच्याचे नसल्यास खाचा जुळत नाहीत.

छपरावर जादा वजन चढवणेही धोक्याचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून हजारो बळी गेले. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यातही ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. त्या वेळी शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाने पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घेण्याचे आवाहन केले होते. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी एक कौल उतरवून पाहावे आणि वासे-रिपाही तपासून घ्याव्यात.