मध्य प्रदेशाच्या नावावर गेलेले आपले खटले

प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसलेल्या खटल्यात बचावाचा वकील हमखास ‘हनुमंत’ काढतो. गुन्हा मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजाचा असो की मुंबईचा, परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा मागितली गेली की १९५२चा हा निकाल न्यायाधीशांपुढे ठेवला जातो. त्याचं नाव ‘हनुमंत विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’. त्या नावामुळे तो परका वाटतो. पण १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, वऱ्हाड त्याच राज्यात होता आणि हा खटला पहिल्या कोर्टापासून उच्च न्यायालयापर्यंत नागपुरातच लढवला गेला. कित्येक वर्षं या निकालाने मला झपाटलं आहे, म्हणूनच त्याची ही जन्मकथा.

हनुमंत म्हणजे ह. गो. नरगुंदकर, प्रांताचे अबकारी आयुक्त. १ एप्रिल १९४७पासून चार वर्षांसाठी सिवनीच्या मद्यार्क कारखान्याचा ठेका द्यायचा होता. आरोप असा, की आलेल्या निविदा साहेबांनी आधीच फोडल्या, बाकीच्यांचे दर एका ठेकेदाराला कळवले आणि त्याची कमी दराची नवी निविदा आत सरकवली. शिवाय प्रकरण झाकण्यासाठी २० नोव्हेंबर १९४६ अशी मागची तारीख घालून एक पत्र तयार केलं. हे पत्र खटल्यात निशाणी ‘पी-२४’ झालं. ते त्या तारखेचं नाही हे दाखवायला सरकारपक्षाने टंकलेखन यंत्राचे तज्ज्ञ उभे केले.

विशेष दंडाधिकाऱ्यांनी दोघांनाही दोषी ठरवलं. सत्र न्यायालयाने कटाचा आरोप काढून टाकला, बनावट दस्तऐवजाची शिक्षा मात्र कायम ठेवली. मला यातली विसंगती पहिल्या वाचनातच खुपली: कटच नाही, तर निविदा बदलली कुणी आणि कुणाशी संगनमत करून? उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. तीन कोर्टं विरोधात गेल्यावर सर्वोच्च न्यायालय सहसा पुराव्यात हात घालत नाही. २३ सप्टेंबर १९५२ला न्या. मेहरचंद महाजन यांनी तो घातला आणि दोघेही सुटले. टंकलेखन तज्ज्ञाचं मत पुराव्यात घेताच येत नाही, असं त्यांनी ठरवलं. एवढा भाग पुढे १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मोडीत काढला. टिकलं ते दुसरं सूत्र. परिस्थितीची प्रत्येक कडी आधी स्वतंत्रपणे सिद्ध हवी, साखळी पूर्ण हवी आणि तिच्यातून आरोपीच्या निर्दोषपणाला वाटच उरता कामा नये. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याच्या जागी बसत नाही. १९८४मध्ये पुण्याच्या शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात याच पायावर पाच तत्त्वं मांडली गेली. न्यायालयाने त्यांना ‘पंचशील’ म्हटलं.

त्याच १९५२मधला ‘काश्मिरा सिंग’ खटलाही मध्य प्रदेशाच्या नावावर आहे. तो गोंदियाचा. पाच वर्षांच्या मुलाचा खून, सहआरोपीचा कबुलीजबाब आणि त्याच्या भरवशावर फाशी. निकाल लिहिला न्या. विवियन बोस यांनी. नागपुरातच वकिली केलेला आणि तिथल्या उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश राहिलेला हा माणूस. आधी कबुलीजबाब बाजूला ठेवा, उरलेल्या पुराव्यावर शिक्षा होते का पाहा, मगच त्याचा आधार घ्या, असं त्यांनी सांगितलं. खुनाच्या आरोपातून काश्मिरा सिंग सुटला, मृतदेहाची विल्हेवाट लावल्याबद्दल त्याला शिक्षा झाली.

दोन्ही निकाल दिल्लीत लागले खरे, पण तिथे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहत नाही. खाली जे कागदावर आलं, तेवढंच वर वाचलं जातं. जिल्ह्याच्या फौजदारी चेंबरचं बळ मी इथे मानतो. समजा साक्षीदार कोर्टात सांगतो, ‘आरोपीच्या हातात कुऱ्हाड होती’, आणि पोलिसांपुढच्या जबाबात कुऱ्हाडच नाही. तयारीचा वकील ती उणीव साक्षीदाराच्या तोंडून नोंदवून घेतो. पण काम तिथे संपत नाही. तपास अधिकारी पिंजऱ्यात आला की ‘या साक्षीदाराने तुम्हाला कुऱ्हाडीबद्दल सांगितलं होतं का?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. तो राहिला तर पहिली मेहनत वाया जाते. ज्युनिअर हे पुस्तकात वाचतो, पण सीनिअरच्या मागे बसून वही भरल्याशिवाय त्याच्या अंगात मुरत नाही.

दुसरं बळ गावाच्या माहितीचं. मार्गशीर्षात तूर पुरुषभर उंच असते. सोयाबीन केव्हाच निघालेलं असतं. ‘धुऱ्यावरून पलीकडचा माणूस ओळखला’ असं कुणी सांगितलं, तर वाशीमचा वकील आधी शेतात काय उभं होतं ते विचारेल. मोठ्या फीच्या पाहुण्या वकिलाला हा प्रश्न सुचणं कठीण, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता साक्षीचा नवा कायदा १ जुलै २०२४पासून लागू आहे. सहआरोपीच्या कबुलीचं जुनं कलम ३० तिथे २४ झालं. कलमांचे आकडे बदलले, या दोन निकालांची गरज तेवढीच आहे. वाशीम, अकोला, अमरावतीच्या वकील संघांना माझी विनंती आहे: या दोन निकालपत्रांचं मराठी भाषांतर करून घ्या आणि सनद घेऊन येणाऱ्या प्रत्येक नव्या वकिलाच्या हाती पहिल्याच दिवशी द्या.