दख्खनच्या राणीचं हॉटेल

डोंबिवलीच्या मुलांना डेक्कन क्वीन ठाऊक नाही असं होणारच नाही! संध्याकाळी सहाच्या आसपास आपण लोकलची वाट बघत असतो आणि ही बाईसाहेब धडधडत निघून जाते. आपल्याकडे ती थांबतच नाही ना!

पण तिचा एक डबा कधी नीट पाहिलात का? त्यात बाकं नाहीत, टेबल-खुर्च्या आहेत. ती डायनिंग कार, म्हणजे चाकांवरचं हॉटेल. रोजच्या प्रवासी गाड्यांमध्ये अशी सोय आज भारतात फक्त हिच्यातच उरली आहे.

ही गाडी सुरू झाली १ जून १९३० रोजी. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी, तांबड्या पट्ट्यांची. दुसरी निळी, सोनेरी रेघांची. डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले, वरचा डबा मात्र आपल्या माटुंग्याच्या कारखान्यात तयार झाला. थाट खराच, पण तो कुणासाठी? तिसऱ्या वर्गाचा डबा गाडीला जोडला गेला थेट १९५५ साली! तोवर साध्या माणसानं राणीला फलाटावरूनच बघायचं. मला तर तिच्या रंगांपेक्षा ही तारीख मोठी वाटते.

पुढे १९६६ मध्ये डबे बदलले, मग १९९५ मध्ये, अलीकडे २०२२ मध्येही. हॉटेल मात्र टिकलं. आता तिथे चाळीस जण बसतात.

सत्तरच्या दशकात आम्ही मे महिन्यात आत्याकडे पुण्याला निघालो, तेव्हा राणीत बसण्यासाठी डोंबिवलीहून लोकलने उलटे व्हीटीला गेलो. बाबांनी हॉटेलच्या डब्यात नेलं. समोर एक अनोळखी आजोबा. त्यांनी न विचारता साखर माझ्याकडे सरकवली. टोस्ट येईतो कर्जत गेलं. तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, कारण बोरघाटात दर ३७ मीटरला १ मीटर चढ आहे.

आजोबा म्हणाले, "पेल्यातलं पाणी बघ." पाणी एका बाजूला कललं होतं! सात सेंटिमीटर रुंद पेल्यात दोन्ही कडांत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडतो, बरं का. पण दिसतो. खिशात पट्टी ठेवा आणि मोजून बघा.