मॅमोग्राफीत दाब का देतात?

नातेपुते परिसरातील एखाद्या भगिनीला डॉक्टरांनी मॅमोग्राफी सांगितली, की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. छातीचा एक्स-रे मागेच काढला होता, मग हा पुन्हा कशाला? आणि यात स्तन दाबून फोटो काढतात म्हणे, ते का?

शरीरात शिरलेल्या क्ष-किरणांपैकी काही आरपार जातात, काही शोषले जातात, तर काही दिशा बदलून विखुरतात. यातील शोषणाचा हिशेब मोठा मजेशीर आहे. किरणांची ऊर्जा निम्मी केली, की हे शोषण साधारण आठपट होते. पदार्थातील अणू जड असले तरी ते असेच झपाट्याने वाढते. कार्बनचा अणुक्रमांक ६, ऑक्सिजनचा ८, तर कॅल्शियमचा २०. हाड फिल्मवर पांढरे उठते ते यामुळेच.

छातीच्या एक्स-रेला बरगड्या भेदणारे जोरकस किरण लागतात. स्तनात हाड नाही. तेथील चरबी, दूधग्रंथी आणि गाठ यांत फरक इतका थोडा, की जोरकस किरण सगळ्यांतून जवळपास सारखेच निघून जातात. म्हणून मॅमोग्राफीचे यंत्र साधारण २५ ते ३२ किलोव्होल्टवर चालवतात. या कमी ऊर्जेच्या किरणांत गाठ तर दिसतेच, शिवाय हाताला कधीच न लागणारे कॅल्शियमचे बारीक कणही दिसतात. असे सगळेच कण कर्करोगाचे नसतात. पण काहींचा विशिष्ट पुंजका ही त्याची पहिली खूण असते.

आता दाबण्याविषयी. कमजोर किरण जाड भागात आतच जिरतात आणि विखुरलेले किरण धुक्यासारखे चित्र पुसट करतात. स्तन दाबून पातळ केला, की किरणांची मात्रा कमी लागते व चित्र स्वच्छ येते. दाब काही सेकंदांचाच असतो. थोडे दुखते, हे लपवण्यात अर्थ नाही. पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात तपासणी केल्यास त्रास कमी होतो.

विखुरलेले किरण खोलीतही पसरतात. आपल्याकडे पेशंटबरोबर चार माणसे आत शिरतात, ते बरे नव्हे. अंतर दुप्पट झाले की किरणांचे प्रमाण चौथ्या हिश्श्यावर येते. बाहेर थांबणे उत्तम. यंत्र बंद होताच किरण संपतात, खोलीत काही उरत नाही. दिवस गेल्याची शंका असल्यास मात्र आधीच सांगावे.

आपल्या जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. हा आजार शहरातल्या बायकांचाच, ही समजूत तरी आता सोडावी. तरुण वयात स्तन घट्ट असतात, तेव्हा सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. मॅमोग्राफी स्वच्छ आली तरी हाताला गाठ लागत असेल, तर सर्जनला दाखवलेच पाहिजे.

जाताना जुन्या फिल्म्स न्याव्यात. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये. डिओडरंटमधील अ‍ॅल्युमिनियमचे कण फिल्मवर कॅल्शियमसारखेच पांढरे उठतात.